बोटीवरचा एक चहा

"लाइफ जॅकेट उलटं घातलंयत तुम्ही."

संचिताने मान खाली घालून पाहिलं. नारिंगी जॅकेटचे जे पट्टे पोटावर यायला हवे होते, ते पाठीमागे लोंबत होते. डेकवर बोटीचे सगळे प्रवासी सुरक्षेची रंगीत तालीम करायला उभे होते, आणि इतरांचे पट्टे अगदी जागच्या जागी होते.

"असू दे," ती मागे न बघताच म्हणाली. "बुडताना कोण बघतंय?"

"मी बघतोय ना... बुडायच्या आधीच."

तेव्हा मात्र ती वळली. सावळा, उंच, चष्म्याच्या काचांवर खाऱ्या वाऱ्याचा धूसर थर. क्लिप लावून द्यायला त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"तुम्हीच लावा. खालची आधी, मग वरची."

तो थांबलेला हात तिच्या लक्षात राहिला. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

बोट मुंबईहून निघाली होती. गोव्याला एक दिवस, आणि मग परत. संचिता आयुष्यात पहिल्यांदा एकटी फिरायला निघाली होती, तीही थेट समुद्रात. डोंबिवलीच्या घरात ही बातमी फुटली तेव्हा आई, शीलाताई, पोळी लाटायची थांबली होती.

"एकटी? अगं, कोणाबरोबर तरी जा!"

"माझ्याबरोबर जातेय ना."

"शीळफाट्याच्या पुढे एकटी गेलेली नाहीस कधी," भाऊ रवींद्र हसत म्हणाला, "आणि मॅडम डायरेक्ट क्रूझवर!"

खरंच होतं ते. चौतिसाव्या वर्षापर्यंत संचिता कुणाची तरी मुलगी, बहीण, आत्या म्हणूनच सगळीकडे गेली होती. सकाळी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं, संध्याकाळी घर. त्यात आता धनेशचं स्थळ आलं होतं. पुण्याचा, शांत, नीट बोलणारा. दोनदा भेटून झालं होतं. त्याच्यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पंचाईत तीच होती.

"आलीस की उत्तर दे बाई," निघताना आई म्हणाली होती. "लोक किती थांबतील?"

म्हणून ती आली होती... कुणीही विचारणार नाही अशा जागी, स्वतःला एकदा विचारायला.

पहिल्याच रात्री जेवणाच्या हॉलच्या दारात तिची परीक्षा झाली. "फक्त एक?" असं वेटरने इतक्या मोठ्याने विचारलं, की रांगेतल्या दोन कुटुंबांनी वळून पाहिलं. एकट्या माणसासाठी टेबल नव्हतं. तिला कोपऱ्यातल्या दोघांच्या टेबलाशी नेलं, तर समोर तोच. पुसलेल्या चष्म्यासकट.

"मी मुद्दाम नाही हं बसलो," तो गडबडीने म्हणाला. "आम्ही चार मित्र येणार होतो. दोघांना बायकांनी अडवलं, एकाला बॉसने. मी एकटा पडलोय. तुम्ही?"

"मी एकटी आलेय," ती म्हणाली. "पडलेली नाही."

तो मनापासून हसला. "कुठून?"

"डोंबिवली. म्हणजे आता. लहानपणी बाळकुमला होतो आम्ही."

त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. तो तिच्याकडे बघत राहिला, जुन्या फोटोतलं कुणी ओळखू पाहावं तसा.

"सातवी ब?" त्याने हळूच विचारलं. "संचिता? पोस्टातल्या साहेबांची?"

"अय्या... तुम्ही..."

"तुम्ही काय! सुदेश. सुदेश भोईर. तिसरा बाक, खिडकीकडचा."

खिडकीकडचा! ती खिडकी तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उघडली. वर्गाच्या मागेच खाडी होती. ओहोटी लागली की चिखलाचा वास थेट गणिताच्या तासाला यायचा, आणि पलीकडे मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकायचे. बगळे तर इतके, की बाई चिडून खिडकी लावून घ्यायच्या.

"आता काय आहे रे तिथे?"

"टॉवर. खाडी दिसते म्हणून फ्लॅट महाग विकतात. आपल्याला फुकट दिसायची, तर आपण पाढे म्हणत बसायचो!"

दोघं हसली. मग त्याने चमचा खाली ठेवला.

"तुला आठवतं? माझी आजी नाक्यावर सुकी मासळी विकायची. वर्गात मला सगळे 'ए बोंबील' म्हणायचे. डब्याला कोणी जवळ बसायचं नाही. एक दिवस तू उठून माझ्या बाकावर आलीस, माझ्या डब्यातला जवळा तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लास, आणि म्हणालीस, 'उद्या जास्त आण.'"

संचिताने खूप आठवून पाहिलं. "नाही रे... मला काहीच आठवत नाही."

"चालेल. मला आठवतंय ना."

"मला वेगळंच आठवतंय. तू मला बांधावर बसवून शिट्टी वाजवायला शिकवलेलीस. आई किती ओरडली होती!"

"मी?" सुदेश चकित. "मी कधी शिकवलं?"

गंमतच होती. त्याच्यापाशी ती जपून ठेवलेली होती, तिच्यापाशी तो, आणि ज्याचं त्याला मात्र काहीच माहीत नव्हतं. त्याच वर्षी, परीक्षेच्या आधीच, बाबांची बदली झाली होती. टेम्पोत सामान चढलं, आणि बाळकुम सुटलं ते सुटलंच.

जेवण संपलं तरी बोलणं संपेना. सुदेश आता फिजिओथेरपिस्ट होता, बाळकुमलाच त्याचं क्लिनिक होतं. लग्न? "एकदा ठरत ठरत राहिलं," एवढंच तो म्हणाला. उठताना त्याने अगदी सहज विचारलं, "उद्या गोवा बरोबर फिरूया?"

संचिताच्या ओठांवर 'हो' आलं होतं. इतक्या पटकन आलं, की तिचीच तिला भीती वाटली.

"सुदेश, राग मानू नकोस. मी पहिल्यांदा एकटी आलेय. ते... मला मोडायचं नाहीये."

तिला वाटलं, चेहरा पडेल. पण त्याने मान डोलावली. "मग दिवसभर तू तुझी. संध्याकाळी मागच्या डेकवर एक चहा. तेवढा तर चालेल?"

"एकच."

"एकच. तसाही दुसरा पिववणार नाही, इतका बेकार चहा आहे इथला."

दुसऱ्या दिवशी संचिता पणजीत एकटी हिंडली. पिवळ्या-निळ्या घरांच्या गल्ल्यांतून, कुठे वळायचं हे कुणालाही न विचारता. एका खानावळीत बसून तिने माशाची थाळी मागवली. सोबत कोण, असं कुणी विचारलं नाही. भूक लागली म्हणून जेवली, पाय दुखले म्हणून एका चर्चच्या पायरीवर बसली, आणि काहीही कारण नसताना हसली. आपण इतक्या चांगल्या सोबतीण आहोत, हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे तो दिसला.

त्यानेही तिला पाहिलं होतं. क्षणभर दोघांची नजर भेटली. तो येणार, दोन पावलांत रस्ता ओलांडणार, असं तिला वाटलं... आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ते हवंही होतं. पण सुदेश नुसता हसला. डोक्यावरची नसलेली टोपी उचलल्यासारखं केलं, आणि वळून दुसऱ्या गल्लीत निघून गेला.

संचिता त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. आजवर तिच्या आयुष्यात आलेली माणसं तिच्या जवळ यायची, ती त्यांच्या सोयीने. तिच्यासाठी कुणी असं लांब राहिलं नव्हतं. छातीत काहीतरी हललं... अलगद, भरतीचं पाणी चिखलात शिरतं तसं.

संध्याकाळी मागच्या डेकवर वारा इतका होता, की चहाचे कप दोन्ही हातांनी धरावे लागत होते. गोवा मागे मागे जात होता. बोटीने पाण्यावर ओढलेली पांढरी रेघ लांबवर पसरून विरत होती.

"कशी होती सोबत?" त्याने विचारलं.

"माझी? मस्त. बडबड कमी करते, खाते भरपूर."

"नशीबवान आहेस."

ती हसली. मग कपाकडे बघत तिने धनेशबद्दल सांगितलं. सगळं. घरी गेल्यावर उत्तर द्यायचंय, हेही.

सुदेशने चहाचा एक घोट घेतला. वाऱ्याने त्याचे केस कपाळावर येत होते, आणि ते बाजूला सारावेत असं वाटून संचिताने कप आणखी घट्ट धरला.

"चांगला आहे तो?" त्याने शेवटी विचारलं.

"चांगला आहे."

"हं."

"एवढंच? तुला काही म्हणायचं नाही?"

"खूप म्हणायचंय गं." तो रेलिंगला टेकला, तिच्याकडे न बघता. "पण आत्ता नाही म्हणणार. बोटीवर सगळंच सुंदर वाटतं. हा बेकार चहासुद्धा. तू उद्या घरी जाशील, रिक्षाच्या रांगेत उभी राहशील, आईसमोर बसशील... तिथे तुला जे खरं वाटेल ते खरं. मी तुझ्या उत्तराच्या मध्ये नाही येणार."

"आणि मग?"

"मग काय... बाळकुम कुठे हलत नाहीये."

सकाळी बंदरावर उतरल्यावर त्याने बॅग उचलून द्यायची घाई केली नाही. नुसता हात हलवला. आणि टॅक्सीत बसल्यावर संचिताच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

डोंबिवलीत तिने पहिलं काम केलं ते धनेशला स्वतः फोन करण्याचं. "तुमच्यात काहीच खोट नाही," ती म्हणाली. "पण मला हो म्हणावंसं वाटत नाहीये. आणि तसं वाटत नसताना म्हटलं, तर ती तुमची फसवणूक होईल." तो "सांगितलंत ते बरं केलंत" म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

रवींद्रने दोन दिवस तोंड फुगवलं. आईने मात्र तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना विचारलं, "बोटीवर कोण भेटलं का गं?"

"भेटलं."

"म्हणून नाही म्हणालीस?"

"नाही आई. तो भेटला नसता तरी मी नाहीच म्हणाले असते. तिथे एकटी जेवत होते ना, तेव्हाच कळलं. नुसतं कुणीतरी हवं म्हणून मला कुणी नकोय."

शीलाताईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. लेकीचा चेहरा नीट पाहिला. "मग जो भेटला, तो कुणीतरी आहे की... तोच आहे?"

संचिता ती जुडी ओढून निवडू लागली. कान मात्र लाल झाले.

सुदेशचा फोन आला नाही. तो करणार नाही हे तिला ठाऊकच होतं. रविवारी ती ठाण्याला गेली आणि तिथून रिक्षाने बाळकुम नाक्यावर उतरली. काही म्हणजे काही ओळखू येईना. शाळेची इमारत नवी, मिठागरं गेलेली, टॉवरांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या. जुन्या गावात एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला तिने भोईर डॉक्टरांचं क्लिनिक विचारलं, तेव्हा वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्यातून तो वास आला... ओहोटीचा, चिखलाचा, सातवी 'ब'चा. संचिता भर रस्त्यात उभी राहिली. डोळे मिटले. खाडी अजून होती.

क्लिनिक लहानसंच होतं. बाहेर बाकावर तीन पेशंट. आतून सुदेश टॉवेलला हात पुसत आला, आणि तिला बघून दारातच थबकला.

"तू..."

"धनेशला नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी. तुझ्यासाठी नाही."

"बरं केलंस," तो सावकाश म्हणाला.

"आणि आता आलेय ते तुझ्यासाठी. मला तू आवडतोस, सुदेश. रिक्षाच्या रांगेत उभी होते तेव्हाही आवडत होतास, तपासून पाहिलं मी."

बाकावरचे तिघेही पेशंट एकदम फार लक्षपूर्वक भिंतीकडे बघू लागले. सुदेश एक पाऊल पुढे आला.

"डॉक्टर!" आत शेक घेत असलेल्या केशरबाईंचा आवाज आला. "गुडघा भाजतोय हो माझा!"

"आलो, आलो..." तो आत धावला. शेकायच्या मशीनचं बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि तसाच धावत तो परत बाहेर. चष्मा घसरलेला, श्वास वर चढलेला.

"हो," तो म्हणाला.

"काय हो?"

"सगळ्यालाच हो. तू म्हणालीस त्याला, म्हणणार असशील त्याला... संचिता, मी रोज तुझी वाट बघत होतो गं. चार पेशंट आहेत अजून. थांबशील?"

"थांबेन की."

त्याने हात पुढे केला. या वेळी मध्येच थांबवला नाही. तिची बोटं त्याच्या ओलसर तळव्यात क्षणभर विसावली, आणि मग केशरबाईंनी पुन्हा हाक मारली.

संचिता बाकावर जाऊन बसली. शेजारच्या आजींनी सरकून जागा करून दिली, तिला नखशिखांत न्याहाळलं आणि मायेने विचारलं, "तुझं काय दुखतं गं बाय?"

"काही नाही आजी," संचिता हसली. "काहीच नाही."