आधी आलेख, मग रीडिंग

बावीस जर्नलं टेबलावर येऊन पडली आणि पहिलं उघडायच्या आतच विदुला ओकनं लाल पेनाचं टोपण काढलं. आत काय असणार ते तिला पाठ होतं. अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशनचा, म्हणजे रेडिओलहरीवर आवाज चढवण्याचा आलेख, आणि एकही ठिपका रेषेबाहेर नाही. मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आधी रेष काढत आणि मग रेषेवरून रीडिंग उचलत. यंत्राला हात लावायची गरजच पडत नसे. पूर्वी ती यावरून वर्ग डोक्यावर घ्यायची. आता मुकाट सह्या करायची. सव्वीस वर्षं तेच ते शिकवून माणूस किती चिडणार?

शिवाय शनिवारी ही अॅनालॉगची प्रयोगशाळाच भंगारात निघणार होती. प्राचार्यांनी विचारलं होतं, की हे शिकून आता मुलांनी करायचं तरी काय? विदुलानं वाद घातला नाही. दोन वर्षं झाली, फोनवरून आवाज असा जातच नव्हता. जाळ्यांवर गर्दी फार, म्हणून कंपन्यांनी ‘पूर्ती’ आणली होती. बोलणाऱ्याच्या आवाजातले चार-दोन अंश तेवढे पुढे जायचे. मधलं सगळं पलीकडचा फोन त्या माणसाच्या जुन्या बोलण्यावरून भरून काढायचा. खरखर नाही, तुटणं नाही. ती स्वतः हे पाचव्या प्रकरणात शिकवायची आणि परीक्षेत सहा मार्कांना विचारायचीही.

गौतमी शेळके नावाची एक विद्यार्थिनी मात्र जर्नल न देता तिथंच थांबली. मॅडम, निदान शेवटचं तरी एकदा खरं ऐकवा, म्हणाली. विदुलाच्या अगदी जिवावर आलं होतं. पण प्रयोगशाळेतल्या तांबोळींनी तोवर कपाटातला बोलता-ऐकता येणारा जुना रेडिओ-संच काढून पुसायलाही घेतला. गच्चीवरची एरियलची तार अजून शाबूत आहे, म्हणाले.

बोलायला पलीकडे कुणीतरी हवं. विदुलाचे वडील होते. अण्णांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता आणि हौशी रेडिओचा नाद त्यांनीच तिला लावला होता. आता ते गुहागरला एकटे राहत; त्यांचा संच अजून घरात होता. डबेवाल्या बाई ओट्यावर डबा ठेवून जात. अण्णा मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे कुणी थांबत नसे. विदुला रोज संध्याकाळी फोन करायची. मी मजेत आहे, सवडीनं ये, असं ते म्हणायचे. वीस वर्षं तेच म्हणत आले होते. गणपतीनंतर तिला सवड झालीच नव्हती. सेमिस्टर संपलं की जाऊ, असं चाललं होतं.

तिनं फोन लावला आणि संच सुरू करायला सांगितलं. “अरे वा, लावतो की,” अण्णा ठणठणीत आवाजात म्हणाले. फोन तिनं चालूच ठेवला.

पण वीस मिनिटं गेली तरी काही येईना. एरवी अण्णांना दोन मिनिटं पुरायची. मग एकदम स्पीकरमधून खरखर आली आणि खरखरीत कुणाचा तरी श्वास. जड, घशात अडकणारा. तांबोळींनी बटण थोडं फिरवलं.

“वि... विदू.” मग नुसती खरखर. “तों... तोंड... चालत नाही गं.”

त्याच क्षणी हातातला फोन म्हणाला, “विदू, काय म्हणतेस? सगळं छान आहे इथं.”

 विदुला स्टुलावर बसली. स्पीकरमधून एकेक शब्द ओढून काढल्यासारखा येत होता.

“तू... ये.”

“तू सवडीनं ये,” फोन म्हणाला. अगदी अण्णांच्याच आवाजात, त्यांच्याच लयीत.

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माइक उचलला. आवाज कापत होता, पण तिनं तो सावरला नाही. “अण्णा, हे कधीपासून म्हणताय?”

तांबोळींनी बटण पुन्हा जरासं फिरवलं. 

“रोज,” अण्णा म्हणाले.

विदुला रडली, सगळ्यांसमोर रडली. मग पदर डोळ्यांना लावून उठली. तांबोळींना म्हणाली, मी पोचेपर्यंत संच बंद करू नका, त्यांच्याशी बोलत राहा, आणि तिथल्या डॉक्टरांना कळवा. तांबोळींनी खुर्ची ओढून माइकसमोर ठाण मांडलं. गौतमीनं आपलं जर्नल उघडलं, रेष खोडली आणि पान कोरं केलं.

गुहागरसाठी धरलेली चिपळूणची गाडी कुंभार्ली घाटाला लागली तेव्हा विदुलाच्या पिशवीतला फोन वाजला. पडद्यावर अण्णांचं नाव होतं. तिनं तो हातात घेतला आणि वाजू दिला. डॉक्टर पोचले असतील? की काही वाईट सांगायला कुणी त्यांचा फोन उचलला असेल? आणि घेतलाच, तर जे ऐकू येईल त्यातलं अण्णांचं किती असेल?