शिवानी का पडली?

"रव्या, सरक! अरे, सरक तिथून!"

शिवानी बाजारतळावरून ओरडत धावत सुटली. घाटनांदूरचा मोकाट वळू शेपटी उंचावून सरळ रवीच्या अंगावर येत होता. आणि हा तिचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ पळायचं सोडून पाय रोवून उभा! उजवा हात पुढे, पंजा उघडा, गाल फुगवून म्हणतोय, "हूंऽऽ!"

वळूला त्या हूंचं काय कौतुक? शिवानीने झेप घेतली, कबड्डीत धरतात तसा रवीचा घोटा धरला आणि त्याला फरफटत हातगाड्यामागे ओढलं. वळू शेजारच्या टोमॅटोच्या क्रेटांत घुसला आणि सगळा लाल चिखल करून पुढे निघून गेला.

रवीचं कोपर चांगलंच सोलवटलं होतं. पण पठ्ठ्या रडला नाही. विचार करत म्हणाला, "तायडे, तू तर हुंकारानं पडलीस की. मग वळू कावून पडला न्हाई? माझंच कायतरी चुकलं. उद्या परत करून बघतो."

शिवानीने त्याच्या कोपरावरची माती झटकली. वळू का पडला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती स्वतःही हुंकाराने पडली नव्हती.

त्याचं असं झालं. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गावात पंडितगुरुजी आले. काळा पोशाख, कमरेला लाल पट्टा. कराटे आणि कुस्ती म्हणे पोरखेळ. त्यांच्या 'वज्रहुंकारा'ने हात न लावता माणूस आडवा व्हायचा. शिवानीचे अप्पा, म्हणजे किराणा दुकानवाले गुरुपादअप्पा, आल्यागेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारे. त्यांनी गुरुजींना घरीच उतरवून घेतलं आणि गावच्या मैदानावर शिबिर भरवलं. पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारलं, गावात सगळ्यांत चिवट कोण? पोरांनी एका सुरात शिवानीचं नाव घेतलं. खोटं नव्हतं ते. कबड्डीत चौघीजणी लटकल्या तरी ही बया रेषेला हात लावून यायची!

गुरुजींनी हुंकार मारला. काही झालं नाही. दुसरा मारला. शिवानी आपली उभीच. मैदानात कुजबुज सुरू झाली, गुरुजींना घाम फुटला, आणि तिची नजर अप्पांकडे गेली. अप्पा हातातला हार तसाच धरून तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत एवढंच होतं, की घरी जेवलेल्या पाहुण्याचा चारचौघांत पाणउतारा करू नकोस. तिसऱ्या हुंकाराला शिवानी धाडकन पडली.

मग काय विचारता! शिवानी पडली म्हटल्यावर गावात उभं कोण राहणार? पुढारी मोहनराव पडले, दुकानदार पडले, खुद्द अप्पाही पडले.

वळू अंगावर आला त्या दुपारी दुकानामागच्या पोत्यांवर बसून शिवानीने सुरज आणि वर्षाराणी या आपल्या दोस्तांना खरं काय ते सांगितलं. मान वर करून बघायचीही तिला लाज वाटत होती. सुरज खो खो हसला. वर्षाराणी मात्र हसली नाही.

"म्हणजे मला काय जाणवलं न्हाई, ते बरोबरच होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, शिवानीला कळतंय अन् मलाच कळंना. म्हणून मी पडले."

हे ऐकून शिवानीला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रवी उद्या पुन्हा वळूपुढे जाणार होता, त्यामुळे लाजत बसून चालणार नव्हतं. तिघांनी डोकं चालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिबिराचा समारोप होता. शिवानी हात जोडून पुढे झाली. खरी शक्ती आवाजात नसून पंज्यात आहे, ती भिंतीतूनही जाते, असं गुरुजी आठवडाभर सांगत होते. मग आज आवाज न करता, सतरंजीआडून दाखवा, अशी तिने विनंती केली. लोकांनी टाळ्या पिटल्या. गुरुजींना नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

व्हॉलीबॉलच्या खांबांना सतरंजी बांधली. अलीकडे शिवानी, अप्पा, मोहनराव आणि इतर शिष्य पाठ करून उभे राहिले. पलीकडे गुरुजी, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला सुरज व वर्षाराणी. गुरुजींनी पंजा फेकला. पुन्हा फेकला. अलीकडे मोहनराव मान खाजवत विचारत होते, सुरू झालं का?

गुरुजी रुमालाने घाम पुसायला लागले आणि तेवढ्यात सुरजने, जो मास्तरांच्या नकला करण्यात पटाईत होता, हुबेहूब गुरुजींच्या आवाजात हुंकार ठोकला, "हूंऽऽ!"

धाड, धाड, धाड! सगळी रांग आडवी! एकटी शिवानी उभी. वर्षाराणीने सतरंजी ओढून पाडली, तर गुरुजींचा पंजा रुमालात आणि तोंड मिटलेलं. लोक पोट धरून हसले.

पण गुरुजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शिवानीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हसा खुशाल! पण पहिल्या दिवशी साऱ्या गावासमोर ही पोरगी पडली होती की न्हाई? ती कशानं पडली?"

हसू थांबलं. सगळे शिवानीकडे बघायला लागले. रवीही बघत होता.

"मी मुद्दाम पडले," शिवानी इतकं हळू म्हणाली, की मोहनरावांनी परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. "मला काय बी लागलं न्हवतं. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून पडले. माझं बघून तुमी पडलात. अन् काल रवी वळूसमोर उभा राहिला, तो माझ्यामुळं."

पडलेली मोठी माणसं एकमेकांकडे न बघता कपडे झटकत होती.

"मी बी उगंच पडलो," शेवटी अप्पा म्हणाले. "पोरगी पडली अन् आपण कसं उभं राहावं, म्हणून." मग एकेक जण तेच कबूल करायला लागला.

गुरुजींनी दुपारच्या आत गाव सोडलं. तरी शिवानीच्या आईने, उमाबाईंनी, त्यांना दशम्या बांधून दिल्याच. पाहुणा तो पाहुणाच. गुरुजींनी खाली मान घालून घेतल्या.

मोहनराव घसा खाकरून म्हणाले, शाबास, गावाचे डोळे उघडलेस! गुरुजींसाठी आणलेला हार ते शिवानीला घालायला निघाले. शिवानी मागे सरकली. अप्पांनी त्यांचा हात धरला. "हार राहू द्या," ते म्हणाले. "मान मला राखायचा होता. भार मी पोरीवर टाकला."

रवी दिवसभर तिच्याशी बोलला नाही. संध्याकाळी तिने त्याला मैदानावर नेलं आणि घोटा कसा पकडायचा ते शिकवलं. दोनचारदा चुकून मग त्याने असा काही हिसका दिला, की शिवानीचा पाय खरोखर सुटला आणि ती पाठीवर आपटली.

रवीने आनंदाने उडी मारली नाही. तो जवळ येऊन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"तायडे, खरंच पडलीस का?"

"खरंच पडले रे."

त्याने थोडा विचार केला. "मग परत एकदा धरू दे."

शिवानी उठली आणि तिने पाय पुढे केला.