थोरलीचं नाव

त्या दिवशी मला विमानतळावर एका बाईला आणायला जायचं होतं. एवढंच काम. आमच्या सिउराक गावात आठवड्यातून चारदा विमान येतं, दुपारी उतरतं, हवा बरी असली तर लगेच परत जातं, नसली तर रात्रभर धावपट्टीवर थांबून सकाळी निघतं. डिसेंबर चालू होता. सूर्य नोव्हेंबरात गेला होता तो जानेवारीच्या शेवटीच येणार होता. दुपारच्या बारालाही काळोख, फक्त दक्षिणेला क्षितिजावर एक निळसर रेघ.

ज्या बाईला आणायला मी निघाले होते ती माझ्या खुर्चीवर बसायला येत होती.

माझ्या म्हणजे तशी थोरलीच्या. माझी थोरली बहीण उलायुक बावीस वर्षं गावाची मुख्य प्रशासक होती. पाण्याची गाडी, मैल्याची गाडी, रस्त्यांवरचा बर्फ, शाळा गरम ठेवायचं तेल, सगळं तिच्या हुकमाने चालायचं. मी तिची सहायक. ती दक्षिणेच्या हॉस्पिटलात वारली, त्याला चौदा महिने झाले होते. ते चौदा महिने गाव मी चालवलं. एकदाही कुणाचं पाणी चुकलं नाही. तरी कौन्सिलने वर्तमानपत्रांत चार वेळा जाहिरात दिली. ‘अनुभवी व्यक्ती पाहिजे.’ पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर काही पिकतही नाही, पण म्हण लागू पडते.

खोटं कशाला सांगू, थोरली जिवंत होती तेव्हाही ती माझ्या डोळ्यांत खुपायचीच. आईने आपला सीलचं कातडं सोलायचा अर्धगोल सुरा थोरलीला दिला, मला तो धुवायला दिला. लोक मला हाक मारायचे ती ‘उलायुकची बहीण’ म्हणून. ती गेली तेव्हा मी रडले, खरंच रडले, पण रडता रडता मनात आलं की आता तरी मला लितिया म्हणतील.

म्हणाले नाहीत. उलट बाळं घेऊन येऊ लागले.

आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव नव्या बाळाला देतात. नाव दिलं की ते माणूस त्या बाळात राहायला येतं, आणि मग त्या बाळाशी तसंच वागायचं. थोरलीचं नाव ज्या पोरीला दिलं असतं तिला मी ‘थोरले’ म्हणून हाक मारायची, मासा कापला की पहिला तुकडा तिच्या ताटात. लंगोट ओला करणाऱ्या पोरीला! पण नाव देण्याचा हक्क सगळ्यांत जवळच्या रक्ताचा, आणि ते रक्त मी. चौदा महिन्यांत तीन आया माझ्या दारात येऊन गेल्या. तिघींनाही मी सांगितलं, ‘बघू, अजून मन होत नाही.’ मन होत नव्हतं हे खरं. कारण कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

विमान उतरलं. लाल कोटातली उंच बाई खाली आली. मार्गो थिसेन, दक्षिणेला मॅनिटोबा प्रांतातल्या कुठल्याशा सपाट गावची, इतक्या उत्तरेला पहिल्यांदाच आलेली. थंडीने तिचे डोळे पाणावले होते. बिचारी हसत होती.

“तुम्ही लितिया ना? फोनवर तुमचाच आवाज होता. केवढं सांभाळलंत तुम्ही हे सगळं.”

मी म्हटलं, “गाडीत बसा. वारा वाढतोय, विमानही आता सकाळीच निघेल.”

कौन्सिलच्या गाडीचा हीटर जुना आहे. मी तो चालू केला, त्याने नेहमीसारखी कुरकुर केली आणि गप्प झाला. मार्गोने गप्पा मारता मारता मूठ वळली आणि जाळीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात दोनदा ठोकलं. गरम वारा सुरू झाला.

तो कोपरा मला चौदा महिन्यांत सापडला नव्हता. थोरलीने कधी दाखवला नव्हता.

“तुमच्याकडे असलीच गाडी होती का?” मी विचारलं.

“कसली?” ती म्हणाली. तिने स्वतःच्या मुठीकडे बघितलं. “हात आखडलाय माझा… थंडीने असेल.”

मुलाखत दोनला होती. कौन्सिलच्या खोलीत महापौर जेपिटी आणि काउनाक आजी बसले होते. जेपिटी आमचा चुलतभाऊ, तोंडात सतत काहीतरी चघळणारा. आजी कौन्सिलमधली सगळ्यांत म्हातारी, तिला इंग्रजी येत नाही, आणि जेपिटीचंही यथातथाच. म्हणून मध्ये दुभाषी मी. बाहेर वाऱ्याने भिंतीचे पत्रे वाजत होते. टेबलावर ताजी बॅनक, म्हणजे आमची तळलेली भाकरी होती, तिचा तळल्याचा वास सगळ्या खोलीत भरला होता.

इथे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी भाषांतर वाकडं केलं.

आजीने विचारलं, “वादळ आहे, पाण्याची गाडी बंद पडलीय, एकच टाकी भरलेली आहे. पहिलं पाणी कुणाच्या दारात?”

मी मार्गोकडे वळून इंग्रजीत विचारलं, “पाणीपुरवठ्याच्या नियमावलीत टंचाईचं कलम कितवं, आणि त्यात काय म्हटलंय?”

मार्गो गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. दिवे एकदा मंद झाले, पुन्हा नीट झाले. ती बोलायला लागली, आणि माझ्या हातातलं पेन थांबलं.

“तान्ही बाळं असलेली घरं आधी,” ती म्हणाली. “मग म्हातारी माणसं. मग शाळा. आणि प्रशासकाचं घर सगळ्यांत शेवटी… ती बाई बर्फ वितळवून पिईल.”

हे थोरलीचं वाक्य होतं. बर्फ वितळवून पिण्यासकट. ती बावीस वर्षं हेच म्हणायची आणि लोक बावीस वर्षं हसायचे. माझ्या पाठीवर काटा आला. पण माणसाचा स्वभाव बघा, काटा येऊनही माझी जीभ सरळ झाली नाही. मी आजीला आमच्या भाषेत सांगितलं, “ती म्हणतेय, ज्याचा अर्ज आधी त्याला पाणी आधी.”

आजी माझ्याकडे बघतच राहिली.

“तू कशाला मध्ये बोलतेस गं?” ती हळूच म्हणाली. “माझ्याशीच बोलली की ती. आपल्याच भाषेत.”

मी जेपिटीकडे बघितलं. त्याचं चघळणं थांबलं होतं. “आपल्याच भाषेत,” तो म्हणाला. “अगदी शुद्ध, लितिया. तुला ऐकू आलं नाही?”

मला इंग्रजी ऐकू आलं होतं. मी शपथ घेऊन सांगते.

त्यांनी फार काही विचारलं नाही मग. आजीचे डोळे भरले होते, जेपिटीने उठून मार्गोचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “उद्यापासूनच या.” चौदा महिने मी त्या खोलीत बसले होते. माझा हात कुणी असा घेतला नव्हता.

निघताना आजीने माझी बाही धरून मला दाराआड ओढलं.

“उलायुकचं नाव कुणाला दिलंस?”

“अजून नाही, आजी.”

“चौदा महिने? उघड्यावर ठेवलंस तिला?” ती जराही ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. “नावाला घर मिळालं नाही की ते मिळेल त्या दारातून शिरतं. ही बाई परकी, तिला बिचारीला दार लावायचंही ठाऊक नाही.”

“मग आता?”

“तुझ्या दारात येऊन गेलेल्या मीकाची पोर नऊ दिवसांची झालीय. बिननावाची पडलीय, तुझी वाट बघत. आज जा आणि तिच्या कानात नाव सांगून ये. उद्याचं विमान सुटायच्या आत. नाव तिकडे राहायला गेलं की ही बाई मोकळी होईल.” मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “आणि खुर्चीही मोकळी होईल. तेवढं कळतं मला.”

मार्गोला पाहुण्यांच्या मुक्कामघराकडे सोडायला मी निघाले. 

“त्या आजी रडल्या का?” तिने विचारलं. “माझं उत्तर एवढं वाईट होतं?”

“तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय ना तुम्हाला?”

“आठवतंय म्हणजे? मी म्हटलं, मला ते कलम माहीत नाही. या गावातलं मला काहीच माहीत नाही. लितियाला सगळं माहीत आहे, तर खुर्ची तिलाच द्या, मला कशाला बोलावलंत… एवढंच म्हटलं मी. आणि त्यांनी माझीच निवड केली.” ती थकल्यासारखी हसली. “मी नाही राहत. सकाळच्या विमानाने जाते. त्याआधी कौन्सिलला तसं लिहून देते. तुम्हालाच मिळायला हवी ही जागा.”

मी मुक्कामघरापाशी गाडी थांबवली. समोर दिव्यांच्या उजेडात बर्फ आडवा पळत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं, आणि ते तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत थोरलीने अडवलं होतं. मेल्यावरसुद्धा तिला माझी एक खुर्ची बघवली नाही. इतका राग आला मला की डोळ्यांत पाणी आलं. मार्गो उतरली, दारातून हात हलवला, आत गेली.

मी सरळ मीकाकडे गेले. चार वाजले होते. काम सोपं होतं. आत जायचं, बाळाच्या कानाशी वाकायचं, एक शब्द उच्चारायचा. परकी बाई सुटणार होती, मला जागा मिळणार होती, पोरीला नाव मिळणार होतं. कुणाचंच काही जाणार नव्हतं.

बाहेरच्या थंड खोलीत मी बूट काढले. आतल्या दाराची कडी धरली. आतून चहाचा आणि बाळाच्या दुधाचा वास येत होता. सगळी मंडळी जमली होती, आजीने निरोप धाडला असणार. मीकाची सासू कुणालातरी म्हणत होती, “एकदा उलायुक घरात आली की बघा, हे गाव पुन्हा सुधरेल. गेल्या चौदा महिन्यांत नुसतं गाडं ढकलणं चाललं होतं.”

सगळे हसले. मोठ्याने नाही, मायेने हसले. तान्हं बाळ कुरकुरलं तर कुणीतरी म्हणालं, “आली का ऑर्डर सोडायला?” पुन्हा हसू.

मी कडी धरून उभी होते. मला दिसत होतं पुढचं सगळं. ती रांगणार, गाव टाळ्या वाजवणार. ती बोलणार, गाव कौतुक करणार. मी प्रशासक होईन, आणि माझ्या कचेरीत ती चार वर्षांची होऊन येईल, आणि लोक माझ्याकडे कागद घेऊन येऊन तिच्याकडे बघतील. मी तिला थोरले म्हणेन. पहिला तुकडा तिला देईन. मरेपर्यंत.

मी कडी सोडली. बूट घातले. घरी आले.

विमान सकाळी दहाला सुटलं. घरातून मला त्याचा आवाज आला, वादळ रात्रीतून निवळलं होतं. मला वाटलं, गेली एकदाची. नाव दिलं नाही तरी गेली. आजीला काय कळतंय. मी केस विंचरले, नवा स्वेटर घातला आणि कचेरीत गेले.

खुर्चीवर मार्गो बसली होती.

पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर तिच्यासमोर उभा होता, टोपी हातात घेऊन. ती त्याला आमच्या भाषेत झापत होती आणि तो खूश होऊन ऐकत होता. लाल कोट कुठेच दिसत नव्हता. तिने मला बघितलं आणि म्हणाली, “उशीर केलास, धाकटे.”

धाकटे. ही हाक मला एकाच माणसाने मारली होती.

“तुम्ही… तुम्ही जाणार होतात ना?”

“कुठे?” ती म्हणाली, आणि पुन्हा ड्रायव्हरकडे वळली.

मी बाहेरच्या टेबलावरून विमानतळावर फोन लावला. तिथे तगाक असतो, तिकिटं तोच तपासतो. मी हळू आवाजात म्हटलं, “तगाक, दक्षिणेच्या त्या बाईचं विमान चुकलंय. तिच्या नावावर दुसरं…”

“कुणाचं चुकलंय?” तो म्हणाला. “मीच बसवलं की तिला. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. लाल कोट. रडत होती गं, पण हातही हलवला तिने. का? कचेरीसाठी चिठ्ठी ठेवलीय तिने, पोस्टाच्या गाडीबरोबर पाठवलीय मघाशीच. पोचली नाही?”

दार उघडलं आणि पोस्टवाल्याने पाकीट माझ्यासमोर टाकलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘कौन्सिलसाठी, लितियाबद्दल.’ शाई बर्फाने फुटली होती. मी ते उघडलं नाही. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. असलं पत्र माझ्याविषयी यापूर्वी कुणी लिहिलं नव्हतं, पुढेही लिहिलं नाही.

ड्रायव्हर निघून गेला. कचेरीत आम्ही दोघीच उरलो. खिडकीबाहेर काळोख होता.

“आण इकडे ते,” ती म्हणाली.

मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले. जेपिटीचं घर चाळीस पावलांवर होतं. उठून पळाले असते तर पत्र पोचलं असतं.

“धाकटे…”

ती मुळीच रागावलेली नव्हती. आईने जेवायला बोलवावं तशी बोलली. मी उठले, तिच्यापर्यंत चालत गेले आणि पाकीट तिच्या पुढे केलेल्या हातात ठेवलं. हात दक्षिणेच्या बाईचाच होता, गोरा, मऊ, अंगठीचा पांढरा वळ असलेला. फक्त नखांखाली सीलचं रक्त होतं, आणि ते अजून ओलं होतं.