मफलर आणि तीन सेंटीमीटर

"टक्!"

आवाज एवढासाच झाला, पण सूतवाल्या मावशींच्या हातात लोकरीच्या बटेचे दोन तुकडे आले आणि मेंढ्यांच्या कातरणीच्या छपराखाली सगळ्यांनी वळून पाहिलं.

मावशी दरवर्षी कातरणीला यायच्या. प्रत्येक मेंढीच्या लोकरीतून करंगळीएवढी बट काढायच्या, दोन्ही टोकं पकडून कानाशी न्यायच्या आणि झटका द्यायच्या. चांगली बट तारेसारखी वाजते. पण आज तेवीस मेंढ्यांपैकी सात मेंढ्यांच्या बटा तुटल्या! मावशींनी ते सात ढीग बाजूला सारले. असल्या लोकरीचं सूत चरख्यावर टिकणार नाही, मी नेणार नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

मेंढ्या आजोबांच्या. पण बोलला तो काका. शहरातून खास कातरणीसाठी आला होता ना!

"वाणच कच्चं आहे," तो म्हणाला. "विकून टाका सातही. उद्या सकाळी व्यापारी येतोच आहे."

आजोबांनी मान हलवली. झालं, ठरलं!

आजोबांची नात टिपणी हे होऊ देणार नव्हती. कारण त्या सातांत मफलर होती. मफलर म्हणजे गळ्याभोवती काळा पट्टा असलेली मेंढी. गेल्या सुट्टीत तिची आई गेली, तेव्हा टिपणीनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. दर चार तासांनी, महिनाभर.

टिपणीचं खरं नाव कुणी घेत नसे. दिसेल ते वहीत टिपून ठेवायची, म्हणून टिपणी. तिच्यासोबत होते तिचा मावसभाऊ भोंगा आणि शेजारचा ढापण्या. भोंग्याला हळू बोलता येत नसे आणि ढापण्याला चष्म्याशिवाय समोरची मेंढीही दिसत नसे.

"वाण कच्चं असेल तर एकेक बट वेगवेगळ्या जागी तुटायला हवी," टिपणी म्हणाली. "चला, बघू."

त्या सात ढिगांशी तिघं उकिडवे बसले. प्रत्येक ढिगातून बट काढायची, झटका द्यायचा, तुकडा मोजायचा. बटेचं बाहेरचं टोक मातकट होतं आणि कातरलेलं टोक स्वच्छ. ढापण्या पट्टी डोळ्यांना चिकटवून मोजत होता.

"कातरलेल्या टोकापासून तीन सेंटीमीटर," तो म्हणाला. मग पुन्हा तीन. मग पुन्हा. सातही बटा बरोबर तीनवर तुटल्या होत्या!

"पट्टी बिघडलीय," भोंगा म्हणाला.

"पट्टी बिघडत नसते, डोकं बिघडतं," ढापण्या म्हणाला.

टिपणी धावत कातरणाऱ्या दादांकडे गेली. ते कात्रीला तेल देत होते. लोकर महिन्याला किती वाढते, असं तिने विचारलं. साधारण एक सेंटीमीटर, ते म्हणाले. आणि मेंढी आजारी पडली, उपाशी किंवा तहानलेली राहिली, की त्या दिवसांत वाढलेली लोकर बारीक होते. पुढे तिथेच तुटते.

म्हणजे तीन महिन्यांपूर्वी सातही मेंढ्यांना एकदमच काहीतरी झालं होतं!

स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं. टिपणीने तीन पानं मागे उलटली. तिथे आजीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डोळ्याचं ऑपरेशन'. पुढचे आठ दिवस रेघ ओढलेली. त्या आठ दिवसांत आजीआजोबा दवाखान्यात होते आणि मेंढ्या सांभाळायला काका आला होता. आणि ह्या सातच तेवढ्या मागच्या मेंढवाड्यात असतात!

संध्याकाळी जेवताना टिपणीने अगदी भोळा चेहरा करून काकाला विचारलं, ऑपरेशनच्या वेळी मागे पाणी कोण द्यायचं? काकाने भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, की मागे पाऊल टाकायची गरजच पडली नाही. पुढचा नळ सोडला की पाइपमधून दोन्ही हौद भरतात.

सकाळी उजाडताच तिघांनी पुढचा नळ सोडला आणि मागे पळाले. मागचा हौद कोरडा! पाइप भिंतीशी रचलेल्या पेंडीच्या पोत्यांमागे शिरत होता. मध्ये कुठेतरी कॉक असणार आणि तो बंद असणार. भोंगा पोती हलवायला धावला, पण टिपणीने त्याचा शर्ट धरला.

"थांब. आपण नको शोधायला. बघू कोण शोधतं ते."

व्यापारी आला. अंगणात चहा सुरू झाला. टिपणी तिथे जाऊन म्हणाली, की मागच्या हौदात पाणी येत नाहीये, मेंढ्या ओरडताहेत.

"कॉक बंद असेल, दुसरं काय," असं म्हणत काका उठला, मागे गेला, डावीकडचं तिसरं पोतं बाजूला ओढलं आणि न बघता आत हात घातला. हौदात धो धो पाणी पडू लागलं.

आजोबा त्याच्या मागोमाग आले होते. त्यांच्या हातात कप तसाच होता.

"हा कॉक ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात बसवलाय," ते म्हणाले. "रात्री मी बंद करतो, हौद गळतो म्हणून. तुला कधी दाखवला नव्हता. तुला कसा माहीत?"

काकाने ओला हात पँटला पुसला. मफलर हौदात तोंड घालून पीत होती.

"पाचव्या दिवशी ओरडायला लागल्या, तेव्हा मागे आलो," तो म्हणाला. "हौद कोरडा होता. शोधून कॉक उघडला. चारा मी भिंतीवरूनच टाकायचो, तो ओला होता म्हणून वाचल्या. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

टिपणीने तुटलेली बट आजोबांच्या हातावर ठेवली, पट्टीसकट. तीन सेंटीमीटर म्हणजे तीन महिने, हे तिने सांगितलं आणि आजोबांनी स्वतः मोजून पाहिलं.

"कॉक बंद करून गेलो तो मी," ते म्हणाले. "आणि सांगायचं राहिलं तेही माझंच. मेंढ्यांचं काही चुकलं नव्हतं."

व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला. मावशींना निरोप गेला, तेव्हा त्यांनी उलट निरोप धाडला: सुताला नको, पण लोकर थापून बसायची आसनं करता येतील, पाठवून द्या. कच्ची जागा अचूक मोजणाऱ्या पोरांनाही पाठवा, चरखा शिकवते!

आजोबांनी तिघांच्याही पाठीवर हात ठेवला. "माझ्या उभ्या आयुष्यात मी लोकर नुसती विकली," ते म्हणाले. "ती वाचता येते हे आज कळलं."

भोंग्याने मात्र तेवढ्यात काकाच्या डोक्यावरचा एक केस उपटला, कानाशी धरून झटका दिला आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "तीन महिन्यांपूर्वी कच्चा होता. आता पक्का आहे!"

काका डोकं चोळत हसला. मग बादली उचलून हौदाची गळती बुजवायला सिमेंट कालवू लागला.