फादरांच्या जागेवर

तुमच्या मामीचा भाऊ सुतार आहे ना, हल्ली कमी बोलतो तो, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. पटलं तर ऐका, नाहीतर जाऊन झोपा.

गेल्या वर्षीचा एक गुरुवार. रात्रीचे नऊला दहा कमी. चर्चमधल्या पापकबुलीच्या लाकडी खोलीत गुडघे टेकायची फळी कुजली होती आणि सकाळी लोक कबुलीला येणार होते. ती बदलायला हा गेला. किल्ली त्याच्याकडेच असायची. तिथली दारं, बाकं, वेदीपुढचा कठडा, सगळं त्याच्या हातचं. पण त्या कठड्यापाशी हा कधी गुडघे टेकायचा नाही. म्हणायचा, "मी देवाकडे कामाला आहे. मालकाला कोण रोज नमस्कार करत बसतं?"

फुशारकी. ती कुठवर गेली ते सांगतो.

त्या गुरुवारच्या दोन महिने आधी, भर दुपारी, हा त्याच खोलीत फादरांच्या जागेवर बसून बिजागरी आवळत होता. फादर बाहेरगावी. मधल्या जाळीपलीकडे, जिथून माणूस नीट दिसत नाही, कोणीतरी येऊन गुडघे टेकले. पोस्टातल्या बाई, रिटायर झालेल्या. त्यांनी सुरूच केलं.

"फादर, आई जायच्या वेळी धाकटीला मी मुद्दाम उशिरा कळवलं. आईचं तोंड बघू दिलं नाही तिला."

"मग खोकायचं ना, मामा."

तू खोकली असतीस, पोरी? एवढं ऐकून झाल्यावर? हाही नाही खोकला. लाज वाटली. आवाज जड केला आणि म्हणाला, "क्षमा झाली. जा."

बाई रडल्या. हलक्या होऊन गेल्या. फादर असते तर म्हणाले असते, आधी बहिणीला फोन करा. याने ते दारच बंद करून टाकलं.

तीन आठवड्यांनी बाई अंथरुणाला खिळल्या. फादर घरी गेले, कबुलीचं विचारलं. बाई हसल्या. "माझं झालंय, फादर. तुम्हीच तर मोकळं केलंत." फादरांना वाटलं, तापात बडबडताहेत. त्या रात्रीच बाई गेल्या. बहिणीला फोन गेलाच नाही. शवपेटी यानेच केली, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

तर, त्या गुरुवारी फळी बसली. एक स्क्रू आतून आवळायचा राहिला होता. हा फादरांच्या जागेवर जाऊन बसला.

पलीकडे नवी फळी करकरली.

वजन आलं की करकरते, तशी.

मग श्वास... सांगायच्या आधी माणूस घेतो, तसा.

"फादर नाहीत," हा म्हणाला.

हा जाळीजवळ सरकला.

"बाई... मी सुतार. त्या दिवशीही मीच होतो."

पलीकडे नुसती वाट बघणं. क्षमेची. आणि ती याच्याकडे नव्हतीच कधी.

हा उठला. वळसा घालून पलीकडे गेला. कोणी नव्हतं. पळून जायचं, तर हा आत शिरला. फळीवर गुडघे टेकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. रिकाम्या जागेला सगळं सांगितलं.

मग फादरांना उठवलं आणि तेच पुन्हा सांगितलं. फादर रागावले नाहीत. ते जास्त लागलं त्याला. एवढंच म्हणाले, "उद्या बहिणीकडे तू जायचंस. क्षमेचं त्यानंतर बघू." दिवे मालवायला दोघं परत आले. फादरांनी सहज टॉर्च फळीवर धरला.

भोकं पाडताना पडलेला भुसा तसाच होता. त्यात याच्या गुडघ्यांच्या दोन खुणा. त्यांना लागून आणखी दोन. लहान.

फादरांनी वाकून बघितलं.

"इथे दोघं मावतात?"

"नाही," हा म्हणाला. "फळीचं माप मीच घेतलंय. एकाचंच."