अजिनाथची लायटीची गाडी

जेवल्यावर म्हाताऱ्याला गप पडू द्यावं, पन तुमी पोरं ऐकाल तर शप्पथ. सांगतो. मधी कुनी मोबाईल लावला तर उठून जाईन. हे घडलंय, माझ्या बांधाला बांध लागून.

देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं अजिनाथची वस्ती. त्याची आई मालनबाई. आठवड्यातून दोनदा तिचं रक्त धुवायला नगरला न्यावं लागायचं. डिझेल परवडंना म्हणून यानं लायटीची गाडी घेतली. शोरूमवाल्यानं बजावलं हुतं, घरी भिंतीवरचा चार्जर बसवा, त्याला लोड वाढवून घ्या, अर्थिंग नीट करा. न्हाईतर राहुरीच्या रोडला फास्ट चार्जर हाय, तिथं जाऊन बसा. यानं दोन्ही केलं न्हाई. वस्तीची लाईट मिणमिणती. गाडीसोबत आलेला साधा चार्जर घेऊन गडी विहिरीवर गेला अन मोटरीच्या पेटीतून वायर ओढली.

चार्जरचा लाल दिवा पेटला. अर्थिंग न्हाई म्हणत हुता. अजिनाथनं प्लगात तारेचा तुकडा टाकून न्युट्रल नि अर्थिंग एक केलं. दिवा हिरवा.

"झालं की!" बायकोला म्हणला.

"अहो, त्याच पेटीला दादा गेले," अश्विनी म्हणली.

दादा म्हंजे रामहरी, याचा थोरला भाऊ. पायाखाली कोरडं पोतं टाकल्याबिगर त्यानं कधी पेटीला हात लावला न्हाई. एक दिवस पोतं गावलं न्हाई, तेवढ्यात शॉक लागून गेला. मोकळी वायर दिसली की कोपराला गुंडाळून बाभळीला टांगायची, ही त्याची खोड.

पहिल्या रातीनंतर सकाळी गाडीत चार्ज न्हाईच. वायर गुंडाळून बाभळीला. दुसऱ्या रातीलाबी तेच. मालनबाईची रक्त धुवायची पाळी चुकली. पाय सुजले.

अजिनाथ माझ्या दारात. "आबा, रातचं पाण्याला तुमीच असता. माझी वायर का काढता?"

"काढून काय गळ्यात घालू?"

"जळता तुमी! गाडी आली म्हणून." चारचौघांत म्हणला.

मार्गशीर्षातला बेस्तरवार. थंडी अशी की आपली बोटं आपली वाटंनात. अजिनाथनं प्लग घातला, पेटीला कुलूप ठोकलं अन गाडीत जाऊन बसला. सकाळी आईला न्यायचंच हुतं. आता पाळी चुकली तर जबाबदारी तुमची, असं डॉक्टर बोलला हुता.

उसाला पाणी चालू. कुठंतरी पाट फुटला, पाणी गाडीखाली आलं. याला पत्ता न्हाई.

मध्यरातीला कुलूप वाजलं.

खट.

...खट.

काचा धुक्यानं पांढऱ्या. काय दिसंना. नुसता चार्जरचा हिरवा दिवा काचेआडून लुकलुकला. विझला. मोटर मात्र घुमतच हुती.

मंग पावलं. चिखलातली. पचक... पचक... गाडीकडं.

भ्याव वाटायला पायजे हुतं. वाटलं न्हाई.

फोन वाजला. अश्विनी. "अहो, आईंना धाप लागलीय. या लौकर."

यानं दार ढकललं. उघडलं... अन बाहेरून लागलं.

परत ढकललं. परत लागलं. हळू. लेकराला घरात लोटावं तसं.

"दादा...?"

...

"दादा, आईला न्यायचंय."

...

मोटर थांबली. साऱ्या शिवाराची लाईट गेली. दार सैल झालं.

हा उतरला. पाय कशावर पडला, बघितलं न्हाई. गाडीतलं चार्जरचं टोक उपसलं, घरी जाऊन आईला गाडीत घातलं. राहुरीच्या फास्ट चार्जरपुरतं चार्ज हुतं. तिथं भरली, नगर गाठलं. मालनबाई हाय अजून. परवाच मला शिव्या घालून गेली.

लाईट आल्यावर वायरमननं चार्जरच्या टोकाला टेस्टर लावला. पेटला. "पेटीत न्युट्रल तुटलाय. तुमच्या त्या तुकड्यानं सगळा करंट गाडीच्या पत्र्यात. दाराला हात, ओल्यात पाय... मंग..." टेस्टर खिशात घातला.

पेटीचं कुलूप लावलेलंच हुतं. गाडी उभी हुती तिथं नुसता गाळ. त्यात, दाराच्या जागी, चौघडी घातलेलं तागाचं पोतं. रामहरी गेल्यापासून वस्तीवर तागाचं पोतं न्हाई, सगळ्या प्लॅष्टिकच्या गोण्या. खाली पाणी, भवती पाणी.

पोतं कोरडं.

आता घराच्या भिंतीला चार्जर हाय, अर्थिंगसकट. वायर मी काढत न्हवतो हे साऱ्या शिवाराला कळलंय. चारचौघांत बोलला हुता, माफीबी चारचौघांत मागावी. अजून आला न्हाई. अजिनाथ.