तीन प्रश्नांचा कागद

म्हसगावच्या सरकारी रुग्णालयात घटका द्यायचा वार मंगळवार. सोमवारी ओपीडीत झुंबड, बुधवारी लसीकरण, गुरुवारी जिल्ह्याची मीटिंग. माणसाला शेवटचं शुद्धीवर आणायला मंगळवारच काय तो मोकळा सापडला होता. मंगळवारी सकाळपासून उपशमन कक्षाच्या व्हरांड्यात नातेवाईक ठेवणीतले कपडे घालून बसत. कुणाच्या डब्यात पुरणपोळी असे, कुणाच्या कडेवर आजोबांनी कधी न पाहिलेलं नातवंड. परक्याला वाटावं, इथे साखरपुडाच आहे.

उपशमन कक्ष म्हणजे जिथे आजार बरा करायचा नसतो, माणसाचा त्रास कमी करायचा असतो, तो वॉर्ड. खाटा तेवीस. दारावर पितळी पाटी होती, 'शून्य वेदना कक्ष', आणि ती आरोग्य खात्याने २०६१ साली समारंभपूर्वक दिली होती. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कण्हणं हे सगळं पाहून सिस्टर रोज त्याच्या कार्डावर शून्य ते दहामधला एक आकडा लिहीत. म्हसगावात तो आकडा बहुतेक खाटांवर शून्य असे. डॉक्टर जान्हवी सोनटक्के ती पाटी आठवड्यातून एकदा स्वतः पुसत.

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या, आवाज खणखणीत, हात हलका. सोळा वर्षं त्यांनी याच वॉर्डात काढली होती, बदलीचे दोन हुकूम परतवून. मरणाला त्या घाबरत नसत आणि नातेवाइकांनाही घाबरू देत नसत. 'बहुतेक', 'कदाचित' असले शब्द त्यांच्या तोंडी कुणी ऐकले नव्हते.

आता ही घटका म्हणजे काय, ते सांगायला हवं. विझताना दिवा मोठा होतो, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक होतं. वर्षानुवर्षं पोटच्या पोराला न ओळखणारी म्हातारी एके दिवशी उठून बसते, सुनेला नावानं हाक मारते, चहा मागते. घरचे हरखून जातात आणि दुसऱ्या दिवशी ती जाते. डॉक्टरमंडळी पुष्कळ वर्षं याला योगायोग म्हणत राहिली. मग २०५० च्या सुमारास मेंदूच्या अभ्यासकांना उमगलं, की स्मृतिभ्रंशात आठवणी पुसल्या जात नाहीत, पेशींमधल्या वाटा तेवढ्या मिटतात. मरण जवळ आलं की मेंदू आपल्याजवळचं एक द्रव्य एकदम सोडतो, आणि त्या वाटा थोडा वेळ उघडतात. हेच द्रव्य आपल्याला हवं तेव्हा सोडायला लावणारं इंजेक्शन निघालं. सरकारी भाषेत त्याचं नाव 'अंतिम जागृती मात्रा'. परिणाम टिके चोवीस मिनिटं, म्हणजे जुन्या मापात बरोबर एक घटका, म्हणून लोक घटकाच म्हणू लागले. ती आयुष्यात एकदाच देता येई. खर्च झालेलं द्रव्य मेंदूत पुन्हा साठायला वर्षं लागतात, आणि या रुग्णांपाशी दिवसही मोजकेच असत.

पहिल्या वर्षी लोकांनी त्या चोवीस मिनिटांचं मातेरं केलं. एका कुटुंबाने एकोणीस मिनिटं नुसतं रडण्यात घालवली. एका घरच्या सुना खाटेपाशीच भांडल्या. तेव्हा बाईंनी शिस्त लावली. आदल्या दिवशी घरच्यांनी एकत्र बसून तीन प्रश्न कागदावर लिहायचे, बाईंना दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच विचारायचे. आम्हाला ओळखलं का? आमचं काही चुकलं का? काय खावंसं वाटतं? रुग्ण उत्तरं देत, हात हातात घेत आणि झोपी जात. दोनशे अकरा घटका अशा सुरळीत पार पडल्या, आणि तीन प्रश्नांचा कागद हळूहळू सगळ्या जिल्ह्यात लागू झाला.

त्या सोमवारी दुपारी शिवानी गलांडे बाईंसमोर येऊन बसली. ती पन्नाशीची, शेळ्यांचा गोठा सांभाळणारी, हातावर गवताचे ओरखडे. तिचे वडील तानाजी गलांडे अकरा महिने नऊ नंबरच्या खाटेवर होते. म्हसगावच्या पाणीपुरवठ्यातले ते शेवटचे वॉल्व्हमन. त्यांच्यानंतर गावातले वॉल्व्ह आपोआप उघडू-मिटू लागले. स्मृतिभ्रंशाला नऊ वर्षं झाली होती, वाचा जाऊन तीन, आणि आता मूत्रपिंडं थकली होती. आठवडाभराचे सोबती.

शिवानीने घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. बाईंनी उघडला. कोरा होता.

"प्रश्न कुठे आहेत?"

"सुचंना मॅडम. एकाच प्रश्नाची भीती वाटाय लागलीय, आन् त्यो मी इचारायचा न्हाई, आण्णा इचारणार. 'तुजी आई कुठं हाय?' म्हणले तर मी काय सांगू?"

शिवानीची आई, मंगल, आठ महिन्यांपूर्वी गेली होती. आण्णांना सांगायचं की नाही, असा प्रश्न तेव्हा पडला होता, आणि तो बाईंनीच चुटकीसरशी सोडवला होता. त्यांना काही कळत नाही, सांगून उपयोग नाही आणि लपवायचीही गरज नाही. शिवानीने मग दहाव्याची तयारी, पाहुण्यांचे फोन, सगळं याच खाटेशेजारी बसून उरकलं होतं.

"सरळ सांगायचं, आई घरी आहे, गुडघा दुखतोय म्हणून आली नाही," बाई म्हणाल्या. "आजवर अशा चाळीसेक जणांना मी हेच सांगायला लावलंय. चोवीस मिनिटांत माणसाला विधुर कशाला करायचं?"

"पर मॅडम, नऊ वर्सांनी एकदा शुद्धीवर यायचं, आन् त्यात बी लेकीनं खोटं बोलायचं? आन् खरं सांगितलं तर त्या चोवीस मिंटांत रडून रडून जीव जायचा त्यांचा. दोन्ही बाजूनं मीच पापाची धनी."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. समजावून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता.

"तुझ्या वडिलांचंच उदाहरण घे. टाकी भरलेली आहे. वॉल्व्ह बंद आहेत, म्हणून नळाला पाणी नाही. उद्या आपण सगळे वॉल्व्ह चोवीस मिनिटं उघडणार. जुनं साठलेलं पाणी येईल. आई त्यात जिवंतच आहे, कारण ती गेल्याचं त्या टाकीत कधी पोचलेलंच नाही."

शिवानी वॉल्व्हमनची लेक. लहानपणी बापाच्या सायकलवर पुढे बसून ती गावभर फिरली होती.

"मॅडम, टाकीला दोन वॉल्व्ह असत्यात," ती म्हणाली. "पानी यायचा येगळा, जायचा येगळा. ह्यांचा जायचा बंद पडला म्हणता. यायचा बी बंद हाय, हे कशावरनं?"

बाई हसल्या. प्रश्न त्यांना आवडला, पण पटला नाही. "सोळा वर्षं बघतेय गं मी. माझ्यावर विश्वास ठेव."

"तुमच्यावर हाय," शिवानी उठत म्हणाली. "पर कागद कोराच राहू द्या. मी काय इचारत न्हाई. त्यांचा येळ हाय, त्यांना काय बोलायचं त्ये बोलू द्या."

नियमात बसत नव्हतं. पण कोरा कागद नाकारावा असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं, आणि बाईंनी सही केली.

मंगळवारी अकरा वाजता पडदा ओढला गेला. आत चौघंच होती, खाटेवर तानाजी, शेजारी शिवानी, पायथ्याशी सिस्टर अल्फिया मुलाणी आणि सिरिंज घेऊन बाई. औषध आत गेलं. सहा मिनिटांनी म्हाताऱ्याच्या पापण्या हलल्या, नजर छतावरून उतरली आणि एकेका चेहऱ्यावर थांबत लेकीपाशी आली. अल्फिया सिस्टरनी घड्याळाचं बटण दाबलं.

शिवानीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. इतर वेळी या क्षणी पहिला प्रश्न सुटलेला असे. आज कागद कोरा होता, आणि म्हाताऱ्यानेच दोनदा घसा साफ केला.

"शिवे," तो म्हणाला. आवाज गंजलेला, पण शब्द स्वच्छ. "दुपारी एकपतुर कावळा शिवला नव्हता म्हणालीस. मग तू काय कबूल केल्यावर शिवला गं?"

शिवानीचा हात तोंडाशी गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, ही गोष्ट तिने दुसऱ्या दिवशी इथेच बसून, फोनवर, मावशीला सांगितली होती. काय कबूल केलं ते तेवढं सांगितलं नव्हतं. रडू आलं आणि तिने फोन ठेवला होता.

"तुमास्नी... ठावं हाय आण्णा?"

"आट म्हैने ठावं हाय. तू पयल्या दिवशी आलीस, कपाळभर कुकू लावलेल्या आईचं सांगाय लागलीस फोनवर, तवाच कळलं. रडायचं हुतं मला. डोळ्याला लई सांगितलं, पर थेंब यीना." आणि आता तो रडू लागला, सावकाश, तोंड न लपवता, आठ महिने थांबवून ठेवलेला माणूस रडतो तसा. शिवानीने त्याचं डोकं छातीशी धरलं.

"तुमास्नी एकटं सोडनार न्हाई म्हणाले," ती म्हणाली. "मग शिवला."

"मंगलचा जीव त्यातच अडकला आसनार," म्हातारा म्हणाला, आणि डोळे पुसायला हात उचलून बघू लागला. हात उचलला गेला याचंच त्याला नवल वाटलं.

बाई भिंतीला टेकल्या होत्या. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. म्हाताऱ्याने मान वळवली.

"डॉक्टरबाई, तुमी हिला म्हणला हुता, 'इथं कुणी न्हाई असं समज आन् मोकळ्यानं बोल.'" तो रागावलेला नव्हता. "मी हुतो."

दोनशे अकरा घटकांमध्ये बाईंनी स्वतः कधीच काही विचारलं नव्हतं. तो वेळ घरच्यांचा, असा त्यांचाच नियम होता. आता त्यांनी वाकून विचारलं, आणि विचारताना त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला, ते त्यांनाच कळलं नाही.

"आण्णा, दुखत होतं का?"

"डावी कूस. दिवाळीपास्नं. रातंदिस." त्याने अल्फिया सिस्टरकडे बघितलं. "ही पोर रोज सकाळी येऊन शून्य म्हणायची आन् लिवायची. मी म्हणायचो, शून्य न्हाई बाई, शून्य न्हाई. पर तिचा काय दोष? मीटरच बंद, तर रीडिंग कुठनं येनार?"

आणि तो चक्क हसला. अल्फिया सिस्टर पडद्याबाहेर निघून गेल्या.

उरलेला वेळ बापलेकीने शेळ्यांवर, आईच्या हट्टांवर आणि गावच्या जुन्या टाकीवर घालवला. बाईंनी त्याच वेळी मॉर्फिन सुरू केलं. बारा वाजायच्या आत डोळे पुन्हा छताकडे गेले. शिवानी उठली नाही. गुरुवारी पहाटे तो गेला, तोवर ती त्याच्याशी बोलतच होती, आणि कावळ्याची गोष्ट तिने त्याला तीनदा पहिल्यापासून सांगितली.

पण बाईंचा मंगळवार अजून संपला नव्हता. दुपारी त्यांनी तेवीसच्या तेवीस कार्डं मागवली. शून्य, शून्य, एक, शून्य. मग त्यांना ते दोनशे अकरा जण आठवू लागले. आम्हाला ओळखलं का, काय खावंसं वाटतं, आणि त्यांनी शहाण्या माणसासारखी दिलेली उत्तरं. कोल्हाटकर मास्तर शिऱ्याबद्दल सांगून झाल्यावर आणखी काही बोलू पाहत होते, तेव्हा 'वेळ संपत आलाय, तिसरा प्रश्न घ्या' असं बाईंनीच म्हटलं होतं. ते त्यांना स्पष्ट आठवलं.

त्यांनी पेन घेतलं. पहिल्या कार्डावरचं शून्य खोडलं आणि पुढे लिहिलं, 'माहीत नाही.' दुसऱ्यावर तेच. तेवीस वेळा.

"मॅडम, कॉम्प्युटर आकडा मागतो," अल्फिया सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "हे घेणार नाही तो."

"नको घेऊ दे. सगळ्यांना आजपासून हलकं मॉर्फिन. जिल्ह्याला मी सांगते. आणि ती पाटी काढा."

मग त्या एक नंबरच्या खाटेकडे गेल्या. तिथे छायाताई बनकर होत्या, दोन वर्षं. रोजच्या राउंडला बाई या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून सिस्टरना सूचना देत आणि पुढे जात. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि उशाशी बसल्या.

"छायाताई, मी डॉक्टर जान्हवी सोनटक्के. दोन वर्षं तुमच्यावर उपचार करतेय, तुम्हाला नाव सांगायचं राहूनच गेलं. परवा इथे उभी राहून मी सिस्टरना म्हणाले, की ही खाट पंधरा दिवसांत रिकामी होईल."

छायाताई पंख्याकडे बघत होत्या, रोज बघत तशाच. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि उत्तराची वाट बघत बसून राहिल्या. अजून बावीस खाटा बाकी होत्या.